उरलेली हवा

लेहच्या वाटेवरच्या सुमदांग खिंडीच्या शेवटच्या चढावर रोहिदास डुंबरेंनी गिअर उतरवलाच नाही. गाडी चौदा चाकी, मागे नारायणगावच्या टोमॅटोंचा कंटेनर, रस्त्यावर कालचा बर्फ, आणि तरीही गाडी आळेफाट्याहून मंचरला निघाल्यासारखी खुशाल चालली होती. रोहिदासमामा मिशीतल्या मिशीत हसत होते.

“हेमे, आवाज ऐक तिचा! इतकी वर्षं या चढाला हिच्या विनवण्या करीत आलो. आता बघ, कशी तोऱ्यात चाललीय.”

त्यांची भाची हेमांगी औटी शेजारच्या सीटवर कानटोपीत तोंड लपवून बसली होती. मांडीवरच्या पडद्यावर इंजिनाचे सगळे आकडे उत्तम होते. तिचं स्वतःचं डोकं मात्र फुटायला आलं होतं.

“गाडीला हवा पुरतेय मामा, मला नाही पुरत,” ती म्हणाली आणि उमासा आवरत तिने डोळे मिटले.

गाडीला हवा पुरत होती ती तिच्याच करामतीने. डोंगरावर माणसाला धाप लागते तशी गाडीलाही लागते, आणि कारणही एकच. समुद्रकाठी असो की सतरा हजार फुटांवर, हवेत ऑक्सिजनचा वाटा पाचात एक इतकाच असतो. पण वर मुळात हवाच विरळ. सिलिंडर एका दमात त्याच्या पोटात मावेल तेवढीच हवा ओढणार, आणि त्या हवेत ऑक्सिजन खालच्यापेक्षा जवळजवळ निम्मा. तेवढ्या ऑक्सिजनवर जेवढं डिझेल जळेल तेवढंच जळणार, बाकीचं काळा धूर होऊन जाणार. म्हणून खिंडीत ट्रक खोकत, रांगत चढायचे. टर्बो लावून हवा आत कोंबता येते, पण फार उंचीवर टर्बोचीही दमछाक होते. बॅटरीवरच्या ट्रकांना धाप लागत नव्हती, पण इथल्या थंडीत त्यांची बॅटरी अर्ध्या वाटेत मान टाकायची.

हेमांगीने वेगळीच वाट धरली. चाकणच्या एका छोट्या कारखान्यात तिने केसाएवढ्या बारीक, पोकळ नळ्यांचा जुडगा तयार केला. या नळ्यांच्या भिंतीतून ऑक्सिजन भराभर पाझरतो आणि नायट्रोजन मागे रेंगाळतो. नळ्यांत दाबून हवा सोडली की पाझरलेली, ऑक्सिजनने भरलेली हवा इंजिनाला मिळते आणि उरलेली दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. ड्रायव्हर लोकांनी तिला नाव दिलं प्राणजाळी. एका मोसमात या रस्त्यावरच्या बहुतेक ट्रकांना ती बसली. हेमांगी लहान असताना वडील गेले होते आणि तिने शाळेचा अभ्यास मामांच्या गाडीखाली बसून, पाने-पकडी हातात देता देता केला होता. त्यामुळे मामा आता ढाब्याढाब्यावर थांबून भाचीचं कौतुक सांगत होते, आणि कुणी ऐकत नसलं तरी सांगत होते.

उरलेल्या हवेची युक्ती मात्र मामांची स्वतःची. गेल्या फेरीला निघण्याआधी त्यांनी बॉनेटजवळच्या नळीखाली हात धरून पाहिला होता. कॉम्प्रेसरने तापलेली ती हवा छान कोमट लागत होती.

“ही बाहेर कशाला सोडतीस गं? वर टमाटं गारठून काळं पडतंय. त्याला दे की ऊब.”

हेमांगीने तिथल्या तिथे टाळी वाजवली होती. नुसती ऊबच नाही. या हवेत ऑक्सिजन कमी, म्हणजे टोमॅटो पिकणारही सावकाश. शीतगृहातल्या सफरचंदांना मुद्दाम अशी हवा देतात आणि इथे ती फुकट वाया चालली होती! तिने स्वतः पाइप मोजून दिला, क्लिपा दिल्या.

“धूर-बीर नाय ना त्यात?” मामांनी विचारलं होतं.

“छे. इंजिनात जायच्या आधीचीच आहे ती. हवाच आहे मामा, नुसती हवा.”

त्या फेरीचे टोमॅटो अर्धा देश ओलांडून लेहला पोहोचले, तेव्हा देठसुद्धा हिरवे होते. या फेरीत ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आणि प्राणजाळीची चाचणी घ्यायला हेमांगी मामांबरोबर निघाली होती. आदल्या दिवशी खालच्या छावणीत निम्मा माल उतरवला, आणि सकाळी बर्फ काढणारं यंत्र पुढे गेल्याबरोबर मामांनी सगळ्यांच्या आधी गाडी काढली.

“गोळी घे आणि मागच्या फळीवर आडवी हो,” मामा म्हणाले. “खिंड आली की उठवतो.”

तिने मुकाट्याने ऐकलं.

जाग आली तेव्हा बाहेर बारीक बर्फ पडत होता आणि मामा कुठलंसं भजन गुणगुणत होते. डोकं जरा उतरलं होतं. हेमांगी पुढे येऊन बसली, पाण्याचा घोट घेतला आणि समोर बघत राहिली. आरशाशेजारी काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, मामांची धूरघंटी तिथे नव्हती. केबिनमध्ये स्टोव्ह लावून झोपलेले ड्रायव्हर सकाळी उठलेच नाहीत, असं या रस्त्यावर दर हिवाळ्यात व्हायचं. म्हणून विषारी धूर ओळखून ठणाणा करणारी ती छोटी डबी मामा जिवापाड जपत.

“मामा, घंटी कुठे गेली?”

“मागं लावलीय. त्या लोकांसाठी.”

“कुठल्या लोकांसाठी?”

“अगं, तू झोपेत होतीस, आत्ता मागच्या वळणावर तीन जणांनी हात केला. रस्त्याच्या कामावरची माणसं. बर्फामुळं त्यांची गाडी आली नाय, पार काकडली होती. खिंडीपलीकडं त्यांचा तळ हाये. पुढं जागा नाय, तुझी झोप मोडली असती. म्हणलं बसा मागं उबेला.” मामा हसले. “तरी आपली खबरदारी म्हणून घंटी टांगली वर.”

खिंडीत हात केलेल्या माणसाला मागे टाकून जायचं नाही, हा तिथल्या ड्रायव्हरांचा नेम होता. मामांनी तो जन्मभर पाळला होता.

हेमांगी झटकन कंटेनरच्या दिशेने वळली.  आकडे तिला तोंडपाठ होते. उरलेल्या हवेत ऑक्सिजनचा वाटा साध्या हवेच्या निम्म्याहून कमी, आणि या उंचीवर साधी हवाच निम्मी. दार उघडताना आत शिरलेली हवा संपली की माणसाला त्यात दोनचार मिनिटंसुद्धा निघायची नाहीत. धूर नाही म्हणजे घंटी वाजणार नाही. आणि आत बसलेल्याला काही कळणारही नाही, कारण गुदमरल्याची जाणीव होते ती उच्छ्वासाचा वायू अंगात साठला की. इथे उच्छ्वास नीट बाहेर पडत राहतो, फक्त आत घेतलेल्या श्वासात काही नसतं. हे सगळं तिला माहीत होतं. टोमॅटोसाठी तिने ते कागदावर मांडूनसुद्धा पाहिलं होतं, आणि माणूस काही तिच्या डोक्यात आला नव्हता.

“थांबवा! मामा, गाडी थांबवा! ब्रेक मारा!”

“अगं पण खिंड...”

“मरतील ते! मामा, मरतील!”

मामांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ब्रेकवर उभेच राहिले. गाडी घसरत घसरत खिंडीच्या माथ्यावर, पताकांच्या खांबाजवळ थांबली.

मागचं दार उघडलं तेव्हा हेमांगीच्या तोंडावर उबदार, कोरडी, टोमॅटोच्या वासाची हवा आली. तीन माणसं क्रेटना टेकून एका घोंगडीत बसली होती. एक बाई, तिच्या खांद्यावर मान टाकलेला तरुण मुलगा आणि एक वयस्क माणूस. कुणी धडपडलेलं नव्हतं, दारावर कुणी हात आपटलेले नव्हते. बाईच्या तोंडावर हसू होतं. त्यांच्या डोक्यावर मामांची घंटी टांगलेली होती आणि तिचा दिवा हिरवा होता.

“झोपलीत बिचारी,” मामा म्हणाले. त्यांनी हाक मारली. पुन्हा मारली. मग त्यांचा चेहरा पडला आणि हेमांगी अडवायच्या आत ते वर चढले.

“श्वास रोखा! मामा, आत श्वास घेऊ नका!”

ते कुणाला ऐकू येणार! मामांनी बाईला उचलून दारापाशी आणलं, हेमांगीने खाली ओढून घेतलं. त्यांनी मुलाला आणलं. तिसऱ्या माणसाच्या काखेत हात घातले, दोन पावलं मागे आले, आणि चेहऱ्यावर जरासं आश्चर्य घेऊन त्याच्यासकट खाली बसले. मग आडवे झाले.

इंजिन बंद करावं, हे हेमांगीच्या मनात आलं आणि त्याच क्षणी तिने ते झटकलं. इंजिन बंद म्हणजे प्राणजाळी बंद, आणि या माथ्यावर कोसभर दुसरीकडे कुठेही जादा ऑक्सिजन नव्हता. ती पुढे धावली. चार पावलांत छातीचा भाता झाला. तिने कंटेनरचा पाइप उपटून बाहेर फेकला, म्हणजे आत जाणारी ती हवा थांबली. श्वास कोंडून ती वर चढली आणि दोघांना पायाला धरून दाराच्या वाऱ्यात खेचलं, दोनदा बाहेर येऊन दम घेत. मग पुन्हा बॉनेट. इंजिनाला जाणाऱ्या नळीची क्लिप तापलेली होती. बोटं भाजली ते तिला नंतर कळलं. नळी निघाली. इंजिनाचा आवाज एकदम बसला, काळा धूर ओकत ते कसंबसं धुगधुगत राहिलं. आणि तिच्या हातातल्या नळीतून, इंजिनासाठी गाळलेला ऑक्सिजन फुसफुसत बाहेर येऊ लागला.

तिने मघाचा उपटलेला पाइप त्या नळीला जोडला आणि गाडीच्या मागे ओढत आणला. पाइप एक, आणि माणसं चार.

मामा दारात उताणे पडले होते. ओठ निळे होते. डोळे अर्धे उघडे, तिच्याकडेच. हेमांगीने पाइप त्यांच्या तोंडाकडे नेला, आणि वाटेतच थांबली. मामा सगळ्यांत शेवटी आत गेले होते. जे काही शिल्लक होतं ते त्यांच्यातच सगळ्यांत जास्त होतं. वाऱ्यावर ते सावरतील, बहुधा. बाकीच्यांना तेवढीही सवड नव्हती. हे गणित बरोबर होतं आणि ते करताना आपल्याला लाज कशी वाटत नाही, असं तिला वाटलं. तिने मामांच्या डोळ्यांदेखत पाइप काढून घेतला आणि अनोळखी मुलाच्या नाकाशी धरला.

मुलगा, मग बाई, मग वयस्क माणूस, पुन्हा मुलगा. ती गुडघ्यांवर सरकत होती, छाती दाबत होती, तोंडाने श्वास देत होती, आणि मामांकडे बघत नव्हती. मुलगा उलटी करून रडायला लागला. बाईने डोळे उघडले आणि पहिल्यांदा घोंगडी कुठे आहे ते विचारलं. पलीकडे मामांचा खोकला ऐकू आला, तेव्हा हेमांगीला हुंदका फुटला, पण हात थांबले नाहीत.

वयस्क माणूस काही उठला नाही. ती त्याच्यावर किती वेळ झटत होती, तिला सांगता आलं नसतं. शेवटी बाईनेच तिचा हात धरून बाजूला केला. तिचं नाव फुलमणी, मुलगा तिचा भाऊ लखन, आणि गेलेला माणूस त्यांच्या टोळीचा मुकादम सोमरा. दूर पूर्वेकडच्या दुमक्याच्या बाजूची माणसं. फुलमणी मोडक्या हिंदीत सांगत होती आणि तिचा स्वतःवरच विश्वास बसत नव्हता. काहीच झालं नाही हो दीदी. छान ऊब लागत होती. सोमराकाका घरच्या गोष्टी सांगत होता, आम्ही हसत होतो.

“वो भी हँस रहा था,” ती म्हणाली आणि सोमराच्या तोंडावर घोंगडी ओढली.

मामा कसेबसे खाली उतरून चाकाला टेकून बसले होते. हेमांगी त्यांच्यापाशी गेली.  मघाशी तुम्हाला सोडून पाइप दुसऱ्याला दिला, हे सांगावं की माफी मागावी, की त्यांनाच दोष द्यावा? पण मामा तिच्याकडे बघतच नव्हते. ते खालच्या वळणांकडे बघत होते आणि त्यांचे दात वाजत होते.

“हेमे... मी गटावर टाकलंय.”

“काय टाकलंय?”

“काल रातच्याला छावणीत रेंज होती. आपल्या ड्रायव्हरांच्या गटावर. पाइप कसा लावायचा त्याचा व्हिडिओ.” त्यांनी फोन काढला. तिने तो घेऊन सुरू केला. पडद्यावर मामा कंटेनरपुढे छाती काढून उभे होते. कसं जोडायचं ते बैजवार दाखवत होते. आणि शेवटी, हसून म्हणत होते, “थंडीत कुणी काकडत असंल तर बसवा मागं बिनधास्त. धूर नाय, काय नाय. माझी भाची इंजिनेर हाये, तिचंच काम हाये हे.”

खाली अंगठ्यांची नुसती रांग लागली होती.

 फोनवर रेंज शून्य. आज दुपारपर्यंत रस्ता वर चढणाऱ्यांसाठीच मोकळा होता, आणि त्या सगळ्या गाड्या त्यांच्या मागून येत होत्या. आताच, खालच्या वळणावरून पहिली वर येत होती. मामा उठायला गेले आणि पुन्हा बसले. ती एकटीच रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली.

पहिला ट्रक घोडेगावच्या गाडगे ड्रायव्हरांचा. हॉर्न वाजवून वाजवून ते अगदी तिच्या छातीशी येऊन थांबले. “ओ ताई, जीव द्यायचाय का?” तिने उत्तर न देता मागे जाऊन दार उघडलं. आत कांदे-बटाटे. पाइप नव्हता. गाडगे शिव्या घालायला तोंड उघडून खाली उतरले, तोच घोंगडीकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी आपली गाडी रस्त्यात आडवी लावली.

दुसऱ्या ट्रकचा पाइप तिला लांबूनच दिसला. नवाकोरा, निळा, बॉनेटपासून कंटेनरपर्यंत तारेने नीट बांधलेला. ड्रायव्हर ओतूरचा पोपट शेवाळे, मामांचा जुना दोस्त. काच खाली करून त्याने आधी हात हलवला.

“अगं, तू रोहिदासची भाची ना? बघ, तुझीच युक्ती...”

“पोपटमामा, मागे कोण आहे?”

“कोण म्हणजे? कला. माझी बायको. केबिनमधला हीटर बिघडलाय, म्हणलं उबेला बस...”

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती मागे पोहोचली होती. कडीवर बर्फ साचून ती घट्ट बसली होती. हेमांगीने मुठीने ठोकली, मग दगडाने. तिला आपल्याच तोंडातून काहीबाही आवाज निघताना ऐकू येत होते. पोपट धावत आला, काय झालं, काय झालं करत. मागून फरफटत मामा आले. तिघांनी मिळून कडी ओढली आणि दार उघडलं.

कलावती शेवाळे क्रेटवर मांडी घालून बसली होती. अंगावर नुसता स्वेटर, नाक लालबुंद, आणि थंडीने कुडकुडत.

“किती वेळ कडी वाजवताय? आणि हा कसला हो तुमचा पाइप! सारखा तोंडावर भपकारा. डोकं दुखायला लागलं माझं. दिली शाल कोंबून त्यात. म्हणलं गारठा परवडला.”

पाइपच्या तोंडात किरमिजी शाल गच्च ठासून बसवलेली होती. हेमांगीने ती पाहिली. ती चढून आत गेली आणि कलावतीला मिठी मारून मोठ्याने रडायला लागली. सोडेचना.

“अगं बाई, कोण तू? अहो, हिला काय झालंय?” कलावतीने तिच्या पाठीवरून हात फिरवत दारातून डोकं बाहेर काढून वर माथ्याकडे पाहिलं. “आणि तिथं घोंगडीखाली कोण निजलंय?”

पोपटने मामांकडे पाहिलं.  मग हेमांगीने डोळे पुसले आणि सगळं सांगितलं. हवा कशी उरते, तिच्यात काय नसतं, आपण काय म्हणालो होतो, मामांनी काय पाठवलं. सोमराचं नाव सांगितलं.

कलावतीने ऐकून घेतलं. पाइपकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.  बराच वेळ ती नुसती श्वास घेत राहिली, एकेक श्वास तपासून बघावा तसा.

खालून आणखी दोन हॉर्न ऐकू आले. त्यांच्यामागे आणखी.

“माझं ऐकतील,” कलावती खाली उतरत म्हणाली. “तुम्हा शिकलेल्यांशी वाद घालत बसतील. मी आत बसून आलेय.” तिने मामांच्या दंडाला धरलं. “चला रोहिदासभावजी. व्हिडिओत तुमचंच तोंड होतं ना? मग तेच दाखवा त्यांना.”

मामांनी हेमांगीकडे पाहिलं, शुद्धीवर आल्यापासून पहिल्यांदाच. “मला सोडून त्या पोराकडं गेलीस, ते बराबर केलंस,” ते म्हणाले, आणि कलावतीच्या आधाराने उतार उतरू लागले.

हेमांगीने धुगधुगत्या इंजिनापासून आपला पाइप उचलला आणि जेमतेम पोहोचेल तिथवर, रस्त्याच्या कडेला, तो धरून उभी राहिली. खाली मामा दोन्ही हात पसरून ओरडत होते. पहिल्या गाडीचं दार उघडलं, बंद झालं. दुसरीचंही. तिसऱ्या गाडीमागून कलावतीची किंकाळी आली, आणि मामा कुणाला तरी खांद्यावर घेऊन चढावरून तिच्याकडे धडपडत निघाले.